मोठं इंजिन

माझा थोरला भाऊ कराडला जीप, जिप्सी अशा गाड्या दुरुस्त करतो. चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. अब्बा गेले तेव्हा तो आठवीत होता. दुसऱ्याच महिन्यात तो एका उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागला. माझं बी.एस्सी., बी.एड. त्याच पान्यांवर झालं. फीच्या नोटांना ग्रीसचा वास यायचा आणि मैत्रिणींसमोर मला त्याची लाज वाटायची. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

गोष्ट 2014 सालची. मी उर्दू हायस्कूलमध्ये नववीला रियाजी, म्हणजे गणित, शिकवत होते. वर्गातला एक मुलगा पंधरा दिवस आला नाही. चौकशी केली तर तो माझ्याच भावाच्या गॅरेजमध्ये निघाला! मी रागानेच तिथे गेले.

गॅरेजमध्ये त्या वेळी मोठं काम चाललं होतं. पाटणच्या बाजूला डोंगरावर शेती असलेल्या एका गृहस्थांची जुनी जिप्सी आली होती. मारुतीने 1985 मध्ये जिप्सी काढली तेव्हा तिच्यात 970 सीसीचं इंजिन होतं. ताकद साधारण 45 अश्वशक्ती, गिअर चार. खताची पोती भरून चढावर घेतली की ती गाडी धापा टाकायची. 1996 मध्ये ‘जिप्सी किंग’ आली. तिला 1298 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर होते. भंगारात निघालेल्या अशाच एका गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणून भाऊ या जुन्या जिप्सीत बसवत होता.

मी म्हटलं, “भाई, तुम्हारा स्कूल छूटा, अब इसका भी छुडाते क्या?”

तो चेन-पुलीवर लटकलेल्या इंजिनाखालून म्हणाला, “मैं बुलाया नई. उसकी माँ लाके छोडी. घर में कमानेवाला कौन है?”

मला उत्तर सुचलं नाही. आमच्याही घरी तेव्हा कोण होतं?

मी स्टुलावर बसून राहिले. मुलगा बाकड्यावर मागच्या हाउसिंगचा गोळा साफ करत होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. त्याला बोलतं करावं म्हणून मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, “आपा, ये छोटा दातेवाला पिनियन, ये बडा क्राउन. छोटे को नऊ दाते, बडे को सदतीस. छोटा चार बार फिरके जरासा और फिरताय, तब बडा एक बार फिरताय.”

“जरासा म्हणजे किती?”

त्याने बोटांवर हिशेब केला. “नऊ में का एक दाता.”

सदतीस भागिले नऊ. चार पूर्णांक एक नवमांश. हाच मुलगा वर्गात ‘निस्बत’चा धडा चालू असताना खिडकीबाहेर बघत बसायचा. मराठीत ज्याला गुणोत्तर म्हणतात, ते त्याला ना उर्दूतून कळलं होतं ना मराठीतून. हातातून मात्र कळलं होतं. बी.एड.ला मी शैक्षणिक साधनांवर सुंदर तक्ते केले होते. ग्रीसने माखलेलं असं साधन मला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवशी मी त्याला न घेताच परतले. पण रोज संध्याकाळी गॅरेजवर जायला लागले. भाऊ काम करता करता सांगायचा. इंजिन उचलून ठेवणं ही सगळ्यात सोपी गोष्ट. त्याचे माउंटिंग जुन्या चेसीवर जुळत नाहीत, ते नव्याने वेल्डिंग करावे लागतात. गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंतचा छोटा शाफ्ट लेथवर मापाने करून घ्यावा लागतो. जास्त उष्णता म्हणजे रेडिएटर मोठा. जास्त ताकद म्हणजे क्लच, क्राउन-पिनियन, जॉइंट सगळ्यांवर जास्त ओढ. आणि ब्रेक. “ब्रेक आखिर में करेंगे,” तो म्हणाला. मालक घाई करत होते.

ब्रेक राहिलेच. चाचणीसाठी भाऊ गाडी कुंभार्ली घाटात घेऊन गेला, मागे पोती होती आणि तो मुलगाही. चढावर गाडी अशी पळाली की मुलगा ओरडून हसत होता म्हणे. उतरताना मात्र जुने ब्रेक तापले आणि पेडल खाली जाऊ लागलं. भावाने खालचा गिअर टाकून गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली आणि चरात उतरवून थांबवली. मुलाच्या कपाळाला तीन टाके पडले. दरी दुसऱ्या बाजूला होती, अल्लाहचे शुक्र.

रात्री भाऊ जेवला नाही. अम्मी गप्प होती. खूप वेळाने तो म्हणाला, “चढने की ताकद दिया, रुकने की नई दिया. मेरी गलती है.” मी भांडायला टपून बसले होते. पण त्याने स्वतःच चूक कबूल केल्यावर मला बोलवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी पुन्हा खोलली. मोठ्या जिप्सीचे ब्रेक स्वतःच्या पैशाने बसवले. मग तो मुलाच्या घरी गेला. आईला म्हणाला, पगार तोच देईन, पण पोरगा शाळा सुटल्यावर येईल. आणि काम दोनच तास.

मुलगा दहावी झाला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आज पुण्यात नोकरी करतो. भावाकडे मात्र अजून कोणतंही प्रमाणपत्र नाही.

आता तो अशी कामं घेत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर निकाल दिला. कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेहून वेगळी होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. ती बातमी भावाने मला दोनदा वाचायला लावली. आता कुणी आलं की तो आधी आर.सी. बुक मागतो आणि आरटीओचा रस्ता दाखवतो. गिऱ्हाईक चिडून दुसरीकडे जातं.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पेढे घेऊन पालक येतात. “आपा, सायन्स को डालते.” मला आनंदच होतो. पण उर्दू माध्यमातून आलेलं ते पोर इंग्रजीच्या वर्गात पहिल्याच महिन्यात गप्प होऊन बसतं, हेही मी पाहिलं आहे. म्हणून हल्ली मी मे महिन्यात अशा मुलांना घरी बोलावते. निस्बत, गुणोत्तर, रेशो, तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. आणि टेबलावर भावाकडून आणलेले ते दोन दातेरी तुकडे ठेवते. ते पुसून दिले तरी हाताला थोडं ग्रीस लागतंच. मी ते पुसत नाही.