बिनडोळ्यांची चित्रं

हिंगणघाटच्या आमच्या घरात दोनच खोल्या होत्या, आणि त्यातली एक कापसाने भरलेली. अब्बा पिंजारी. गाद्या-रजया भरून द्यायचे. रद्दीत आलेल्या ‘धर्मयुगा’त आबिद सुरतींचा ढब्बूजी पाहिला आणि आम्हा भावंडांना व्यंगचित्रांचा नाद लागला. पण माणसं काढायला जमेनात. मग आम्ही घरातल्या वस्तूच पकडल्या.

बधना म्हणजे पोट सुटलेला, लांब नाकाचा शेठ. अडकित्ता म्हणजे सदा भांडायला तयार शेजारीण. पानदान म्हणजे सगळ्यांची गुपितं पोटात ठेवणारी खाला. आणि स्टोव्ह म्हणजे पिन मारल्याशिवाय न बोलणारे, मग एकदम भडकणारे मामू!

एक दिवस वही दादीच्या हाती लागली. “बधने को आँखें काय को लगाए रे?” जानदार चीजेची तस्वीर तिला मंजूर नव्हती. या मसल्यावर आलिमांमध्येही मतभेद आहेत, पण ते आम्हाला तेव्हा काय ठाऊक! आम्ही रडकुंडीला आलो. अब्बांनी आईला उलट उत्तर दिलं नाही आणि आमची वहीही फाडली नाही. एवढंच म्हणाले, “डोळे नका काढू. वस्तू उभी कशी राहते, ते पाहून काढा.”

आता वस्तूकडे नीट बघणं भाग पडलं. बधन्याला कुठे पोचा आहे, पानदानाचं झाकण कोणत्या बाजूला कलतं, हे शोधावं लागलं. तोंडावर दोन टिंबं देऊन सुटका होईना.

पुढे शाळेची सहल सेवाग्रामला गेली. गुरुजींनी सांगितलं, 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, जे 1967 साली राष्ट्रपती झाले. सूत कातता कातता मुलांनी गणित, भूगोल शिकावा, अशी ती कल्पना. घरी येऊन अब्बांना सांगितलं, तर हसून म्हणाले, “मग आपलं घर शाळाच की!”

त्या रात्री आम्ही अब्बांच्या पिंजणाचं चित्र काढलं. पाठीत वाकलेलं, एका ताठ तातीवर तोललेलं, अंगभर कापसाचे कण. खाली लिहिलं, ‘पिंजणमियाँ’.

मग गावात विजेची यंत्रं आली. पिंजण खुंटीवर गेलं. अब्बांचा खोकला मात्र गेला नाही. 1998 साली त्यांचा इंतकाल झाला.

घरात त्यांचा एकच फोटो सापडला, ओळखपत्रावरचा. डोळे ताणलेले, मान अवघडलेली. ते आमचे अब्बा वाटतच नव्हते. कागदपत्रं शोधताना जुनी वही निघाली. दादीला आता धड दिसत नव्हतं. तिने पान डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ त्या वाकलेल्या रेषेवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “ये तो मेरा बच्चा है.”

आम्ही विचारलं, “चौकट करून लावू का?”

“दीवार पे नको,” दादी म्हणाली. “मेरे संदूक में रख दो.”

दादीही गेली. वही अजून त्याच संदुकीत आहे, तिच्या नमाजच्या ओढणीखाली.