चावट : एका शब्दाची हद्द

वाचकहो, ‘चावट’ हा शब्द आपल्या घरात कोणकोणत्या प्रसंगी उच्चारला जातो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे काय? जुन्या मराठीत ‘चावटी’ म्हणजे वायफळ बडबड. पुढे तिच्यात खट्याळपणा मिसळला. आणि अश्लील म्हणावा इतका नव्हे, परंतु वडीलधाऱ्यांसमोर करू नये, अशा विनोदाला आपण चावट म्हणू लागलो. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांनी या विनोदावर चित्रपटगृहे भरवली. वाक्याचा सरळ अर्थ निर्दोष. दुसरा प्रेक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर काढायचा! मला हा विनोद वर्ज्य वाटत नाही. विहिणींची थट्टा नसेल तर लग्नघर सुने वाटते.

अडचण निराळीच आहे. नंदुरबार जिल्ह्यातील मोलगी येथे मी शिक्षिका होते. सातपुड्यातल्या त्या गावी बहुतेक मुलींची घरची बोली भिली. मराठी त्यांना शाळेत भेटे. सहावीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, चावट म्हणजे काय?” लघवीला जळजळ होते, असे तिने मैत्रिणीला सांगितले होते, ती हसून “चावट कुठली!” म्हणाली. त्या एका शब्दापायी मुलगी चार दिवस गप्प राहिली आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही कमी पिऊ लागली. मूत्रमार्गाच्या संसर्गात याने त्रास वाढतो. थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तिच्यावर ती वेळ आली नाही. लघवी तपासून औषध मिळाले. मी तिला एवढेच सांगितले, की चावट असते ती थट्टा, शरीर नव्हे.

याच शब्दाचा दुसरा दुरुपयोग मोठी माणसे करतात. “काका जरा चावट आहेत, मनावर घेऊ नकोस,” असे मुलीला समजावले जाते. जी ऐकणाऱ्याला नकोशी आहे, ती थट्टा कसली? कामाच्या ठिकाणी स्त्रीला उद्देशून केलेले नकोसे लैंगिक शेरे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळात मोडतात. घरातल्या मुलीला मात्र आपण हसायला सांगतो.

लघवीची जागा, पाळी, अंगावरून पांढरे जाणे यांची नावे मुलांना आंघोळ घालताना, कपडे बदलताना सहज सांगता येतात. ती पुस्तकी मराठीतच हवीत असे नाही. भिलीतला शब्दही चालतो. मोलगीच्या आशाताईंना तो अधिक लवकर कळतो.