सिंगापूरचे काम्पोंग ग्लाम : कुठे जेवावे, काय विचारावे

परदेशी सहलीची तिकिटे आणि व्हिसा हाती आला तरी आपल्या घरांत एक प्रश्न शेवटपर्यंत उरतो : तिथे खायचे काय? मग बॅगेत चिवडा, खाकरा, नूडल्सची पाकिटे भरली जातात आणि आठ दिवस ब्रेड-बटर, अंडी यांवर काढायची मनाची तयारी होते. सिंगापूरला जाणाऱ्यांना एवढी चिंता करण्याचे कारण नाही. २०२० च्या जनगणनेनुसार तिथल्या पंधरा वर्षांवरील रहिवाशांत १५.६ टक्के मुस्लिम आहेत. शहराच्या मध्यभागी काम्पोंग ग्लाम नावाची एक वस्ती आहे. तिथे निश्चिंत मनाने आणि पोटभर जेवता येते. मात्र मशिदीचा घुमट दिसतो म्हणून आसपासचे सगळेच हलाल असेल, असे तिथेही गृहीत धरता येत नाही. म्हणून या वस्तीबद्दल जरा सविस्तर सांगतो.

काम्पोंग म्हणजे गाव. ग्लाम किंवा गेलाम हे एका झाडाचे नाव. त्याची साल होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. १८२२ मध्ये इंग्रजांनी सिंगापूरची आखणी केली, तेव्हा हा भाग सुलतान, त्याची मलय प्रजा, बुगिस दर्यावर्दी आणि अरब व्यापारी यांना नेमून दिला. पुढे जावा-सुमात्राचे लोक आले, केरळचे मुस्लिम आले, तमिळ आले, चिनी दुकानदारही आले. रस्त्यांची नावे अजून तीच आहेत : अरब स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, मस्कत स्ट्रीट, कंदहार स्ट्रीट. बुसोरा स्ट्रीटमधले बुसोरा म्हणजे आपण ऐकलेले बसरा. नकाशा उघडून मुलांना ही नावे वाचायला सांगितली, तर इतिहासाचा एक धडा तिथेच होतो.

बुगिस मेट्रो स्टेशनवरून दहा मिनिटे चालले की मस्जिद सुलतान दिसते. जुनी मशीद १८२० च्या दशकातली. आजची इमारत १९३२ मध्ये पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या खाली एक काळसर पट्टा दिसतो. लांबून तो रंगवलेला वाटतो, पण जवळून पाहिल्यास ते काचेच्या बाटल्यांचे बूड आहेत. मोठी देणगी देणे ज्यांना जमत नव्हते, त्या गरीब लोकांकडून बाटल्या घेतल्या आणि त्या घुमटाखाली ओळीने बसवल्या. श्रीमंतांच्या पैशाबरोबर गरिबांचा वाटाही सगळ्यांना दिसेल अशा जागी लागला. आम्ही जोहरची नमाज तिथे पढलो. वुजूची सोय चांगली आहे, स्त्रियांसाठी वेगळी जागा आहे आणि आत एका वेळी पाच हजार माणसे मावतात. जेवणाआधी नमाज झाली तर पुढचे दोन-तीन तास निवांत मिळतात, म्हणून आमचा सल्ला हाच, की दिवसाची सुरुवात मशिदीपासून करावी.

मशिदीसमोर नॉर्थ ब्रिज रोडवर झमझम हे जुने हॉटेल आहे. केरळमधून आलेल्या एका गृहस्थाने ते १९०८ मध्ये सुरू केले. शेजारीच व्हिक्टरी आहे, त्याच्या पाटीवर १९१० साल लिहिलेले आहे. दोन्हीकडे मुर्तबक मिळतो आणि दोन्हींची माणसे दारात उभी राहून गिऱ्हाइकाला आपल्याकडे बोलावतात. मुंबईत ज्यांनी बैदा रोटी खाल्ली आहे, त्यांना मुर्तबक लगेच समजेल. मैद्याचा गोळा हाताने झटकून झटकून इतका पातळ करतात, की त्यातून पलीकडचे दिसावे. मग तव्यावर टाकून त्यात खिमा, कांदा आणि अंडे घालतात आणि चारही बाजूंनी घडी घालून खरपूस भाजतात. अरबीत ‘मुतब्बक’ म्हणजे घडी घातलेला. मटण, चिकन, सार्डिन मासा, हरणाचे मांस असे प्रकार आहेत. सोबत रस्सा आणि काकडी येते. काकडीवर टोमॅटो सॉस ओतलेला असतो, तो आमच्या अम्मींना अजिबात पटला नाही. बाकीचे पटले. मोठा मुर्तबक एकट्याला जड जातो, दोघांत एक पुरे.

तव्याजवळ उभे राहून तो झटकलेला मैदा पाहणे हे मुलांना जेवणाइतकेच आवडले. जागा साधी, टेबले चिकटून, आवाज भरपूर. गल्ल्यावरच्या वयस्क माणसाने आम्हाला हिंदीतून विचारले, ‘कहाँ से?’ रत्नागिरी म्हटल्यावर त्याला काही उमगले नाही. बम्बई म्हटल्यावर तो हसला.

जेवणाचा दुसरा मोठा प्रकार म्हणजे नासी पाडांग. नासी म्हणजे भात आणि पाडांग हे सुमात्रातले शहर. काचेमागे वीस-पंचवीस पदार्थ मांडलेले असतात. ताटात भात घेऊन पुढे सरकायचे आणि हवे त्याकडे बोट दाखवायचे. पैसे पदार्थावर ठरतात, म्हणून पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी घेऊन वाटून खाव्यात. जालान पिसांग या छोट्या रस्त्यावरचे हाजा मैमुना यासाठी प्रसिद्ध आहे. मिशेलिनच्या स्वस्त आणि उत्तम जेवणाच्या यादीतही त्याचे नाव आलेले आहे. कंदहार स्ट्रीटवर रुमा माकान मिनांग हे १९५४ पासूनचे हॉटेल आहे. दोन्हीकडे दुपारी बाराच्या आत पोहोचावे, नंतर ऑफिसच्या लोकांची रांग लागते.

कोकणातल्या घरांना इथे परके वाटणार नाही. रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात आणि मसाल्यात तासन्‌तास शिजवून सुके केलेले मांस. त्यात भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण असते, त्यामुळे वास ओळखीचा येतो. कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी खाताना अम्मींना घरची कुयरी आठवली. साम्बल नावाच्या लाल चटणीत सुकवलेल्या कोलंबीचा गोळा कुटून घातलेला असतो. ज्यांच्या घरी जवळ्याची चटणी होते, त्यांना त्या वासाची ओळख करून द्यावी लागणार नाही. नारळ, तांदूळ, मासळी आणि मिरची असलेल्या दोन किनाऱ्यांवरच्या स्वयंपाकघरांत एवढे साम्य निघते. हाताने जेवायला कोणी हसत नाही. आजूबाजूचे मलय लोकही हातानेच जेवतात.

गोडासाठी कुए मिळतात, म्हणजे तांदूळ, नारळ आणि ताडाच्या गुळाची छोटी पक्वान्ने. ओंडे-ओंडे नावाचा हिरवा गोळा अख्खा तोंडात टाकावा लागतो, कारण आतला पातळ गूळ चावताच बाहेर येतो. आमच्या धाकट्याच्या शर्टवर त्याचा पुरावा परत आला.

चहासाठी बगदाद स्ट्रीटवर भाई सरबत नावाचा ठेला आहे. आपल्याकडे सरबत थंड असते, इथे तो आल्याचा गरम चहा आहे. दुसरा प्रकार ते तारिक, म्हणजे ओढलेला चहा. दुधाचा चहा एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततात, त्यामुळे फेस येतो. हा चहा चांगलाच गोड असतो, साखर कमी हवी असेल तर आधीच सांगावे. संध्याकाळी इथे बसलेली माणसे बघत राहावीत. मशिदीतून आलेले म्हातारे, कॉलेजची मुले, चिनी जोडपी, फोटो काढणारे पर्यटक, सगळ्यांच्या हातात तोच पेला.

जवळच बुसोरा स्ट्रीट आहे. दोन्ही बाजूंना ताडाची झाडे, मध्ये फरसबंद वाट, समोर घुमट. आता तिथे हॉटेले आणि स्मरणवस्तूंची दुकाने आहेत. पूर्वी या भागाला काम्पोंग काजी, म्हणजे हाज्यांची वस्ती म्हणत. आसपासच्या बेटांवरून आलेले लोक जहाजाची वाट बघत इथल्या घरांत उतरत. तिथेच जेवत, प्रवासाचे सामान घेत आणि जिद्दाकडे निघत. मुंबईच्या मुसाफिरखान्यात ज्यांच्या आजोबांनी बोटीसाठी मुक्काम केला, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांसमोर येईल. आपल्याकडची हजची बोट १९९५ पर्यंत चालू होती. तिथे पाय ठेवल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होत्या. त्यांच्या वडिलांनी हज बोटीने केला होता.

आता हाजी लेनबद्दल. नाव हाजी असले तरी ही आज शहरातली सर्वांत फॅशनेबल गल्ली आहे. दोन माणसे हात पसरून उभी राहिली तर भिंतींना टेकतील, असे वाटावे इतकी अरुंद. भिंतींवर मोठमोठी चित्रे, खाली कपड्यांची छोटी दुकाने आणि कॅफे. संध्याकाळनंतर काही ठिकाणी गाणे-बजावणे आणि मद्यही चालते. तरुण मुलांना इथेच बसायचे असते. आमच्या मुलीलाही बसायचे होते. तिने फोनवर आधीच एक कॅफे निवडून ठेवला होता.

दारावर इंग्रजीत पाटी होती : नो पोर्क, नो लार्ड. म्हणजे डुकराचे मांस नाही, चरबी नाही. मुलगी म्हणाली, ‘बघा, चालेल.’ अम्मी म्हणाल्या, ‘विचार तरी.’ मुलीला विचारायची लाज वाटत होती. आपण मागासलेले दिसू, रांगेतले लोक बघतील, असे तिला वाटत होते. शेवटी तिनेच जाऊन विचारले. काउंटरवरची चिनी मुलगी तिच्याच वयाची होती. तिने शांतपणे सांगितले, की चिकन हलाल पुरवठादाराकडचे नाही आणि एका सॉसमध्ये वाइन असते. मग तिने स्वतःहून सांगितले, की कोपऱ्यापलीकडे एक हलाल कॅफे आहे, तिथले केकही चांगले असतात. तिच्यासाठी तो रोजचा प्रश्न होता, जसा कोणी शेंगदाणे चालत नाहीत म्हणून विचारावे. आमची मुलगी परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. पुढच्या कॅफेत तिने आम्ही सांगण्याआधीच विचारले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की अशा ठिकाणी आपली मुले दोन टोकांना जातात. एक तर काहीच विचारत नाहीत आणि पाटी पाहून खातात, किंवा विचारायला नको म्हणून आतच जात नाहीत आणि मनातून खट्टू होतात. विचारणे हा मधला सोपा रस्ता आहे आणि सिंगापूरने तो आणखी सोपा केला आहे. तिथे मुईस ही अधिकृत मुस्लिम संस्था १९७८ पासून हलाल प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र अख्ख्या कंपनीला नसते, त्या एका जागेपुरते असते. म्हणजे एकाच नावाच्या दोन शाखांपैकी एकीला असू शकते, दुसरीला नसू शकते. भिंतीवर लावलेल्या कागदावर पत्ता आणि मुदत लिहिलेली असते, ती वाचावी. खोटा शिक्का वापरणे तिथे कायद्याने गुन्हा आहे.

प्रमाणपत्र नसलेली, पण मुस्लिम मालकांची हॉटेलेही भरपूर आहेत. तिथे मांस कुठून येते आणि मद्य वापरतात का, एवढे दोन प्रश्न पुरतात. अरबी किंवा तुर्की थाटाचे दिवे आणि गालिचे पाहून ठरवू नये, कारण सजावट कोणालाही विकत घेता येते. शहरातल्या खाद्यकेंद्रांत हलाल आणि इतर जेवणाची ताटे परत ठेवायची जागा वेगळी असते. चिनी, तमिळ आणि मलय माणसे शेजारच्या टेबलांवर जेवतात आणि उठताना आपापले ताट योग्य जागी ठेवतात. तिथे कोणाला त्याचा राग येत नाही आणि कोणी त्यावर भाषणही देत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. या वस्तीत राहणारी बहुतेक कुटुंबे कधीच दूरच्या उंच इमारतींत राहायला गेली. जुनी घरे १९८९ पासून जतन केली आहेत, पण खालच्या मजल्यावर दुकाने आली आणि वर राहणारे कमी झाले. वस्तीची चव आज टिकून आहे ती शुक्रवारी जुम्म्यासाठी परत येणाऱ्या माणसांमुळे, जी नमाजेनंतर मुर्तबक किंवा नासी पाडांग खाऊन जातात. पुण्याच्या कॅम्पात किंवा मुंबईच्या जुन्या मोहल्ल्यांत ज्यांचे बालपण गेले आणि आता जे दूरच्या सोसायटीत राहतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ओळखीचे हॉटेल टिकावे असे वाटत असेल, तर अधूनमधून तिथे जाऊन जेवले पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : शुक्रवारी दुपारी जुम्म्याची गर्दी असते, पण वस्ती खऱ्या अर्थाने तेव्हाच दिसते. मशीद पाहायला अंग झाकणारे कपडे असावेत, नसतील तर तिथे झगा मिळतो. दुपारचे जेवण नासी पाडांग, अस्रनंतर चहा, मगरिबनंतर मुर्तबक असा क्रम ठेवला तर एका दिवसात सगळे होते. रमझानमध्ये गेलात तर मशिदींत शिजणारी बुबुर नावाची तांदळाची मसालेदार खीर अवश्य मागून घ्या. चवीला ती आपल्या खिचड्याची धाकटी बहीण वाटते. आणि मुले बरोबर असतील तर हलालची चौकशी त्यांनाच करू द्या. आपण शेजारी उभे राहिले म्हणजे पुरे.