हप्ता तोच, वर्षं किती?

रिझर्व्ह बँकेनं रेपो दर कमी केला अशी बातमी टाकली की पुढचे दोन दिवस माझा फोन थांबत नाही. प्रश्न एकच. "भाऊ, आमचा हप्ता कितीनं कमी होणार?" २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात हा दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला, तेव्हा तर भाजी घेताना पण लोक अडवत होते. दोन महिन्यांनी तीच माणसं म्हणायला लागली, "बातमी फुसकी निघाली की तुमची. हप्ता आहे तेवढाच आहे."

बातमी फुसकी नव्हती. हप्ता का हलला नाही, हे बघायला मागं जावं लागतं. आमच्याच घरचं सांगतो.

२०२१ मध्ये आम्ही २५ लाखांचं कर्ज काढलं. काढलं म्हणजे बायकोच्या पगारावर काढलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझ्या मानधनाला कुठलीच बँक पगार मानत नाही, आणि पत्रकार म्हटलं की मॅनेजर चहा पाजतो, कर्ज देत नाही! व्याज तेव्हा ७ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता १९,३८२ रुपये. बायको तेव्हा ३८ वर्षांची. म्हणजे ५८ व्या वर्षी ती रिटायर होणार आणि त्याच वर्षी कर्ज फिटणार, असा चोख हिशोब.

मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहावर गेला. आमचं व्याज साडेनऊ झालं. हप्ता मात्र १९,३८२ च कापला जात होता. बरं वाटायचं. उन्हाळ्यात घरी बसून हिशोब मांडला (दर एकदमच वाढला असं धरलंय, म्हणजे समजायला सोपं). दोन वर्षं हप्ते भरून मुद्दल राहिलं होतं २३ लाख ७७ हजार. त्यावर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं १८,८०० च्या वर. हप्ता १९,३८२. म्हणजे मुद्दलातून महिन्याला जेमतेम साडेपाचशे रुपये जाणार. या गतीनं उरलेली १८ वर्षं नाही, ३७ वर्षं लागतात. बायकोनं कागद बघितला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी ७७ वर्षांची होईपर्यंत. पेन्शनवर १९ वर्षं."

शाखेत गेलो. तिथला अधिकारी सभ्य माणूस. म्हणाला, "सर, हप्ता वाढवला तर लोकांना त्रास होतो, म्हणून आम्ही मुदत वाढवतो." मेसेज आला होता म्हणे. आला होता, इंग्रजीत. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला अग्रलेख लिहायला शिकवलं, तो मेसेज वाचायला नाही.

विचारलं, हप्ता २२,००० केला तर? त्यानं आकडे टाकले. साडेवीस वर्षांच्या आत. महिन्याला २,६०० रुपये जास्त, आणि साडेसोळा वर्षं कमी. एका पानाचा अर्ज, खाली दोघांच्या सह्या. तेवढ्यावर झालं. पण हा प्रश्न आपण विचारायचा असतो, हे कुणी सांगत नाही, याचा मला राग आहे.

त्याच वर्षी, १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारायचं. दर तीन महिन्यांनी किती मुद्दल गेलं, किती व्याज, किती हप्ते राहिले, ते दाखवायचं. तुम्हाला असा कागद मिळाला नसेल तर मागून घ्या. तो मिळाला की आधी "शिल्लक हप्ते" हा आकडा बघा.

२०२५ ला हप्ता का हलला नाही, ते आता लक्षात आलं असेल. दर चढताना वर्षं वाढवली, उतरताना बहुतेक बँका तीच वर्षं कमी करतात. हप्ता तिथंच राहतो.

पण सगळ्यांचं असं नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचं फिरत्या व्याजाचं नवं गृहकर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेलं असतं, आणि तीन महिन्यांत एकदा तरी दर बदलावाच लागतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा दर त्या ठरवतात. आणि आपल्या गावात या कंपन्यांकडे कोण जातं? उपळाई रोडला, कुर्डूवाडी रोडला गुंठेवारीत एक-दीड गुंठा घेतलेला माणूस जातो. एनए नाही, मंजूर लेआउट नाही, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं. मोठी बँक फाईल उघडूनही बघत नाही. मग कंपनीचा पोरगा मोटारसायकलवर घरी येतो आणि आठ दिवसांत कर्ज मंजूर. माझ्या बघण्यातली अशी कर्जं बँकेपेक्षा तीन-चार टक्के महाग आहेत. रंगकामवाले, टेम्पोवाले, शिलाईचं काम करणाऱ्या बाया, ज्यांना एक टक्कासुद्धा जड जातो, त्यांनाच दर कमी झाल्याच्या बातमीचा उपयोग सगळ्यात कमी. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली. अर्ज करून नियमित करून घेतलं तर बँकेचं दार उघडायची शक्यता असते. नगरपालिकेत या फाईली कुठं अडकतात, त्यावर वेगळं लिहीन, कारण ते प्रकरण मोठं आहे.

अजून दोन गोष्टी, घाईत सांगतो. फिरत्या व्याजाचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर वैयक्तिक कर्जदाराला दंड नाही. दिवाळीचा बोनस, सोयाबीनचे पैसे, जे येईल ते मुद्दलात टाका. आणि कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. शाखेत "हेड ऑफिसला आहेत" असं उत्तर मिळालं तर तारीख टाकून लेखी घ्या.

रविवारी दहा ते एक मी ऑफिसला असतो. कर्जाचं स्टेटमेंट घेऊन या, मोबाईलवर दाखवू नका, प्रिंट आणा. चष्मा लागलाय मला.