धनेशाच्या दारी

बेळगावात राहणाऱ्या माणसाला जंगलाचे भूषण फार. "इथून तीन तासांच्या वाटेवर वाघांचे अरण्य आहे," असे आम्ही पुण्या-मुंबईहून येणाऱ्या आप्तेष्टांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि स्वतः मात्र त्या अरण्यातून गेलो ते कारवारकडच्या लग्नकार्यांना जाताना, मोटारीच्या काचेआडून आणि बहुधा डुलक्या घेत. घरातले देवघर पाहुण्याला उत्साहाने दाखवावे आणि आपण मात्र तिथे हात जोडायला विसरावे, तशातला हा प्रकार. अखेर गेल्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींनी मनावर घेतले आणि सात जणांची एक छोटी मंडळी पक्षी पाहण्यासाठी तीन दिवस गणेशगुडीला निघाली. सातांत एक डॉक्टर दांपत्य, बँकेतले एक स्नेही, आम्ही उभयता, गुरुजी आणि त्यांची नववीतली नात. सातांहून अधिक माणसे नकोत, ही तिथल्या वाटाड्याचीच अट होती. माणसे वाढली की बोलणे वाढते आणि बोलणे वाढले की पक्षी कमी होतात, असे त्याने दूरध्वनीवरच बजावले होते.

खानापूर, लोंढा, रामनगर ही आमच्या परिचयाची वाट. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कुंद्याचा डबा होताच. रामनगरला चहासाठी थांबलो, तेव्हा गुरुजींनी नातीला सांगितले, की हे गाव मुळात विस्थापितांचे. काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुपा धरण झाले, १०१ मीटर उंचीचे. त्याच्या जलाशयात तालुक्याचे जुने गाव सुपे बुडाले आणि तिथली पुष्कळशी माणसे इथे येऊन वसली. तालुक्याचे नावही पुढे जोयडा झाले. चहावाल्याने ते ऐकले, मान हलवली आणि काही न बोलता आमच्या पुढ्यात आणखी एक बशीभर भजी ठेवली.

रामनगर सोडले की झाडी दाट होते. या रानाला १९५६ साली दांडेली अभयारण्याचे रूप मिळाले, २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. पण आम्ही वाघासाठी आलो नव्हतो. आमच्या मनात होता तो धनेश. भारताच्या या भागात आढळणारे धनेशाचे चारही प्रकार या एका खोऱ्यात नांदतात: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपल्या माळरानावरही दिसणारा साधा राखी धनेश. त्यांच्यासाठी म्हणून कर्नाटक सरकारने २०११ साली दांडेलीच्या परिसरात ५२ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक रान राखून ठेवले.

आमचा मुक्काम होता ती जागा मोठी गमतीची. धरण बांधताना लागणारी सुरुंगाची दारू जिथे साठवीत, त्याच जुन्या कोठाराच्या परिसरात आता पक्षी पाहणाऱ्यांची निवासस्थाने आहेत. झाडांखाली मातीची आणि दगडाची उथळ पात्रे पाण्याने भरून ठेवलेली असतात आणि माणसांनी थोड्या अंतरावर आडोशाला मुकाट बसायचे. पहिल्या पहाटे आम्ही असे बसलो. धुके विरळ होत गेले आणि एकेक पाहुणा उतरू लागला. आधी बुलबुल, त्यांत गळ्याशी माणकाचा खडा बसवल्यासारखा लालकंठी बुलबुल, जो गोव्याचा राज्यपक्षी आहे. मग नारिंगी डोक्याचा कस्तूर, पाठोपाठ पाचू कवडा, आणि उन्हाची पहिली तिरीप पात्रावर पडताच लखलखत्या निळ्या पाठीची नीलपरी. तिने पाण्यात पंख फडफडवले तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. आणि बेळगावच्या सात माणसांच्या बाबतीत ही गोष्ट सामान्य नव्हे.

गुरुजींची नात प्रत्येक पक्ष्याचे इंग्रजी नाव भ्रमणध्वनीत पाहून चटकन सांगत होती. गुरुजींच्या मांडीवर मात्र एक वही होती. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्य वेचून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली. त्यांच्या 'पक्षीकोशा'वरून गुरुजींनी ही वही सिद्ध केलेली. नात इंग्रजी नाव सांगे, गुरुजी मराठी सांगत आणि आमचा वाटाड्या, जो याच तालुक्यातला पंचविशीतला तरुण, तो आपल्या कोकणी बोलीतले सांगे. महाधनेशाला त्याच्या गावात 'गरुड' म्हणतात हे ऐकून नात हसली. "पण गरुड तर वेगळा असतो ना?" तो म्हणाला, "पुस्तकात वेगळा असेल. आमच्या आजीने आम्हाला हाच दाखवला." गुरुजींनी वहीत 'महाधनेश' या शब्दापुढे 'गरुड' असे लिहून घेतले. आमच्या मुलांची शाळा इंग्रजी, बाजार कानडी आणि घर मराठी. त्यांना एका पक्ष्याला तीन नावे असण्याचे आश्चर्य वाटू नये. नाव नसण्याची मात्र खंत वाटावी, असे त्या सकाळी प्रथम वाटले.

त्याच दिवशी दुपारी दांडेलीच्या लाकूड-आगाराकडे गेलो. सागाच्या ओंडक्यांच्या राशी लागलेल्या आणि त्यांच्यावरच्या झाडांत कवड्या धनेशांचा कलकलाट चाललेला. काळे-पांढरे देह, चोचीवर पिवळसर शिरस्त्राण. वाटाड्या म्हणाला, "यांना घर बांधता येत नाही, काका. सुतार पक्षी झाड पोखरतो, यांची चोच त्या कामाची नाही. जुन्या झाडाला आपोआप पडलेली ढोली मिळाली तर यांचा संसार." अशी ढोली पडायला झाड थोराड व्हावे लागते, आणि झाड थोराड व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या त्याला हात न लावता जाव्या लागतात. ओंडक्यांच्या त्या राशींकडे पाहताना आम्ही मनातल्या मनात घरचे पलंग आणि कपाटे मोजली.

महाधनेशाच्या संसाराची रीत वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. तरी पुढचा प्रसंग कळण्यासाठी ती सांगणे भाग आहे. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण माघ-फाल्गुनात, मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर व माती यांच्या लिंपणाने आतून दार बुजवून घेते. चोच बाहेर येईल एवढीच उभी फट राहते. आत ती एक-दोन अंडी घालते आणि त्याच काळात तिची उड्डाणाची पिसे झडतात; म्हणजे दार फोडले तरी तिला उडता येणार नाही. सुमारे चाळीस दिवसांनी पिल्लू बाहेर येते, त्यानंतरही ती कित्येक आठवडे आतच असते. या सर्व काळात तिचे आणि पिल्लाचे अन्न आणतो तो नर. वड, उंबर, रानजायफळ अशी फळे तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून तिच्या चोचीत देतो. पुढे मादी दार फोडून बाहेर येते, तेव्हा पिल्लू ते दार पुन्हा लिंपून घेते आणि मग दोघे मिळून त्याला भरवतात. या दिवसांत नराला काही झाले, तर आतल्यांची उपासमार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही असेच एक झाड पाहायला निघालो. बेहड्याचा सरळ, उंच वृक्ष. वाटाड्याने आम्हाला शंभरेक पावलांवर झुडपांच्या आड बसवले आणि हलू नका, असे सांगितले. झाडाच्या पायथ्याशी फळांच्या बियांचा सडा पडला होता, त्यांतल्या काहींना कोंब फुटले होते; वरच्या कुटुंबाच्या जेवणातून खाली नवे रान उगवत होते. दुर्बिणीतून पाहिले तर ढोलीच्या फटीत पिवळसर चोचीचे टोक हलताना दिसले. एवढ्यात आवाज आला. लोंढ्याच्या पुढच्या घाटात पूर्वी वाफेचे इंजिन चढताना जसा धापा टाकीत येई, थेट तसा. महाधनेशाच्या पंखांखालची पिसे विरळ असल्याने त्यांतून हवा अशी घोषत जाते. चार-साडेचार फूट लांबीचा तो पक्षी आमच्या डोक्यावरून गेला आणि बेहड्याशेजारच्या झाडावर उतरला. त्याचा गळा फळांनी फुगलेला स्पष्ट दिसत होता.

आता तो भरवील, म्हणून सर्वांनी श्वास रोखले. आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्या बँकवाल्या स्नेह्यांना छायाचित्राची अनावर ओढ लागली. ते झुडपाआडून उठले आणि दहा-पंधरा पावले पुढे सरकले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही; ते उठले नसते, तर आमच्यातला दुसरा कोणी उठला असता. आमच्या हातातही यंत्र तयारच होते.

पक्ष्याने मान वळवली. तांबडा डोळा क्षणभर आमच्याकडे रोखला गेला. तो झाडाकडे आला नाही. फांदीवर इकडून तिकडे सरकला, एकदा चोच फांदीवर घासली आणि तसाच बसून राहिला. स्नेही ओशाळून मागे आले, आम्ही सगळे खाली वाकलो. पण माणसे आहेत हे आता त्याला कळले होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली. ढोलीच्या फटीतून चोचीचे टोक दोनदा बाहेर आले आणि परत गेले. पंधराव्या मिनिटाला नर भरल्या गळ्याने, जसा आला तसाच घोंघावत निघून गेला.

वाटाडा काही वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आपण जाऊ या, काका. आपण बसलो आहोत तोवर तो यायचा नाही. आत ती जेवायची थांबली आहे."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. दारी आलेला घरधनी ताट हातात घेऊन उभा आहे, आत बाळंतीण वाट पाहते आहे आणि उंबऱ्यावर सात अनोळखी माणसे दुर्बिणी लावून बसली आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आले. आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो, आणि आमच्यामुळे यजमानाच्या घरचे जेवण चुकले होते. परतताना पालापाचोळ्यावर वाजणाऱ्या स्वतःच्या पावलांचीही आम्हाला लाज वाटत होती.

संध्याकाळी जलाशयाच्या काठी चर्चा झाली. उद्या अखेरची सकाळ. पुन्हा त्या झाडाकडे जायचे का? डॉक्टरांचे म्हणणे, या वेळी नीट बसू, कोणी हलणार नाही. आमचेही मन तिकडेच ओढत होते; इतक्या लांब येऊन भरवण्याचा सोहळा न पाहता कसे परतायचे? वाटाड्याला विचारले, तर तो खाली पाहत म्हणाला, "तुम्ही म्हणाल तर नेईन." त्याची मजुरी आमच्या हातात होती, हेही त्या उत्तरात आले. गुरुजी समोरच्या पाण्याकडे पाहत होते. त्या पाण्याखाली सुपे होते. नातीने विचारले, "आजोबा, तो आज परत आला असेल का?" त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते, आणि मग त्या झाडाकडे न जाण्याचे आपोआपच ठरले.

अखेरच्या सकाळी आम्ही पुष्कळ दूर, रस्त्यालगतच्या मोकळ्या जागी उभे राहिलो. तिथून ते झाड दिसत नव्हते. त्याच्या दिशेचा डोंगर तेवढा दिसत होता. साडेसात वाजता तो ओळखीचा धापा टाकल्यासारखा आवाज आला. उन्हात पंखांवरचे पिवळे-पांढरे पट्टे झळकले आणि गरुड डोंगराकडे गेला. वाटाड्याने घड्याळ पाहिले. थोड्या वेळाने तो त्याच वाटेने परत उडत आला. वाटाड्याने दुर्बीण लावली आणि तिसऱ्या दिवसात प्रथमच मोकळे हसला. "गळा रिकामा आहे," तो म्हणाला.

आमच्या बँकवाल्या स्नेह्यांनी त्या वेळी यंत्र पिशवीतून काढलेही नाही.

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असतील, तर अनुभवाचे चार शब्द. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. माणसे थोडी असावीत, कपडे मातकट किंवा हिरवे असावेत, स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा आणि त्याचे ऐकावे. भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवून बोलावू नये. तो आपला प्रतिस्पर्धी समजून कामधाम सोडून धावत येतो. जानेवारी ते मे या दिवसांत घरट्याचा हट्ट धरू नये, आणि वाटाड्याची मजुरी घरटे दाखवण्यावर अवलंबून नाही, हे त्याला निघण्यापूर्वीच सांगावे. महाधनेश आज जगभर धोक्यात आलेल्या पक्ष्यांत मोडतो; २०१८ पासून आंतरराष्ट्रीय यादीत त्याची तशी नोंद आहे. त्याला उरलेली जुनी झाडे थोडी आहेत, आणि त्यांतली काही आपल्या उंबरठ्यापासून तीन तासांवर आहेत.

परतताना रामनगरला पुन्हा त्याच टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने विचारले, "वाघ दिसला?" आम्ही नाही म्हणालो. "मग काय पाहिले?" नातीने आमच्याआधी उत्तर दिले, "गरुड पाहिला. लांबून." आणि तो शब्द तिने इतक्या सहज उच्चारला, की गुरुजींनी वही उघडलीच नाही.