दुःस्वप्नांचें वाचन

पुढें येणाऱ्या काळाविषयीं मनुष्याला दोन प्रकारचीं स्वप्नें पडतात. एक रामराज्याचें, दुसरें त्याच्या अगदीं उफराटें. पहिल्याचें आपल्या घरांतून कौतुकच होतें. दुसऱ्या प्रकारच्या कादंबऱ्या मात्र कोवळ्या हातांत पडूं नयेत, असें पुष्कळ वडीलधाऱ्यांस वाटतें. “अभ्यासाचीं पुस्तकें सोडून हा काळोख कशाला वाचायचा?” हा आमच्या वहिनींचा प्रश्न अशाच काळजींतून आलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

परंतु ऑल्डस हक्स्लेच्या १९३२ सालच्या कादंबरींत राज्यकर्त्यांना चाबकाची गरज फारशी पडतच नाहीं. लोक गोळ्या घेऊन सुखांत असतात, आणि तें सुखच वाचकाच्या अंगावर कांटा आणतें. रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या कादंबरींत बंबवाले आग विझविण्याऐवजीं पुस्तकें जाळतात. पण त्यापूर्वींच लोकांनीं आपण होऊन वाचन सोडलें होतें, असें त्यांचा अधिकारीच सांगतो. (जेवतांना देखील मोबाइल खालीं न ठेवणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांना तें पान अवश्य वाचावयास द्यावें!)

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी १९४९ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ सत्य-मंत्रालयांत नोकरीस आहे. काम काय, तर जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर आजच्या सोयीप्रमाणें बदलावयाचा. सत्ताधाऱ्यांना नकोसा झालेला मनुष्य नाहींसा तर होतोच, पण तो कधीं जन्मलाच नव्हता असें दप्तर तयार होतें. शेजाऱ्याची सात वर्षांची मुलगी बापाविरुद्ध चहाडी करते, आणि तुरुंगांत पडलेला बाप तिचा अभिमान बाळगतो! तो प्रसंग मीं पुष्कळ वर्षांपूर्वीं वाचला. अजून विसरतां येत नाहीं.

हीच कादंबरी गेल्या पावसाळ्यांत माझ्या सोळा वर्षांच्या पुतणीनें वाचली. मला वाटलें, ती आतां सरकार, पोलिस, पाळत यांविषयीं बोलेल. तिनें पुढ्यांत आणून ठेविली ती आमच्या घराण्याची छापील वंशावळ.

“काका, सात पिढ्यांत आपल्याकडे एकही मुलगी जन्मली नाहीं?”

तशी पद्धतच होती, असें मी म्हणालों. “विन्स्टनच्या कचेरींतहि पद्धतच होती,” ती म्हणाली. मग तिनें आमच्या धाकट्या आत्याविषयीं विचारलें. आत्यानें जातीबाहेर लग्न केलें, तेव्हांपासून तिचें नांव घरांत निघेनासें झालें. एका जुन्या छायाचित्राची तिच्या बाजूची कड कातरलेली आहे. हें कोणा हुकूमशहानें केलें नव्हतें. देवभोळ्या, प्रेमळ, पोराबाळांना स्वतःच्या हातानें भरविणाऱ्या माणसांनीं केलें होतें.

अर्थात् आमचें घर म्हणजे ऑर्वेलचें राज्य नव्हे. येथें प्रश्न विचारणाऱ्याला कोणी तुरुंगांत टाकीत नाहीं, आणि हा फरक लहान नाहीं. पण गाळलेली जागा ओळखण्याची ही नजर एरवीं कोणत्या क्रमिक पुस्तकानें तिला दिली असती, तें मला सांगतां येत नाहीं. शिवाय काळोखाचें म्हणाल, तर इतक्या उत्साहानें ती आजवर कोणत्याच गोष्टीच्या मागें लागली नव्हती.

दादा सगळें ऐकून कांहीं न बोलतां उठून गेले. वंशावळीची पुढची आवृत्ति त्यांच्याकडेच आहे. मुलीनें आमच्या आजोबांच्या नांवाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढून आत्याचें नांव लिहिलें, आणि तें पान वहिनींनीं दादांच्या चष्म्याखालीं नेऊन ठेवलें. आत्या आतां ब्यायशी वर्षांची आहे, पुण्यासच असते.