दारापासून स्थानकापर्यंत

घरापुढच्या तीन पायऱ्यांची उंची साधारणपणे अठरा इंच भरते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच ठेवण्याची पद्धत आहे. दिल्लीतील लाजपतनगरात, रोहिणीत किंवा नोएडाच्या एखाद्या सेक्टरमध्ये असे जोते आणि अशा तीन पायऱ्या बहुतेक घरांपुढे दिसतात. चालत्या माणसाचे त्यांच्याकडे लक्षही जात नाही. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे जग मात्र तेथेच थांबते. या अठरा इंचांवरून खुर्ची सुखरूप खाली न्यायची, तर उताराचा मार्ग, ज्याला आता सर्वत्र रॅम्प म्हणतात, केवढा हवा? इमारतींसाठी ठरवलेला नियम असा, की एक इंच उंचीला निदान बारा इंच लांबी असावी. या हिशेबाने तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट लांबीचा रॅम्प लागतो.

दिल्लीतील घरांपुढे आणि दुकानांपुढे रॅम्प पुष्कळ आढळतात. पण त्यांपैकी बरेचसे मोटार किंवा स्कूटर आत घेण्यासाठी बांधलेले असतात. चार-पाच फुटांत सगळी उंची संपवणाऱ्या अशा रॅम्पवर खुर्ची चढवायला दोन धडधाकट माणसे लागतात आणि उतरताना ती हातातून सुटली तर थेट रस्त्यावर जाते. तरीही 'आमच्याकडे रॅम्पची सोय आहे' असे अभिमानाने सांगितले जाते. सोय कोणाची, हे कोणी विचारीत नाही.

अपंग व्यक्तींच्या स्वतंत्र जीवनाचा विचार या अठरा फुटांपासून सुरू करणे योग्य होईल. कारण अडचण नेमकी कोठे आहे, माणसाच्या पायांत की घराच्या पायऱ्यांत, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे अवलंबून असते. अडचण पायांत आहे असे मानले, तर उपचार, दया आणि दानधर्म एवढेच मार्ग उरतात. ती पायऱ्यांत आहे असे मानले, तर गवंडी, अभियंता, नगरपालिका आणि कायदा या सर्वांकडे काही काम येते. (अलीकडे 'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ झाला आहे. तो अनेकांना आवडतो, तर अनेक अपंग कार्यकर्त्यांना मुळीच मान्य नाही. शब्दावरचा हा वाद चालू असला, तरी पायऱ्यांची उंची दोन्ही शब्दांना सारखीच आहे.)

'स्वावलंबन' हा आपल्या शालेय पुस्तकांचा लाडका शब्द. आपले काम आपण करावे, दुसऱ्यावर भार टाकू नये, हे त्याचे सार. परंतु हा शब्द येथे काहीसा दिशाभूल करतो. सकाळी दूध आणून देणारा, कपडे इस्त्री करणारा, बस चालवणारा, नळाला पाणी सोडणारा अशा कितीतरी हातांवर प्रत्येकाचा दिवस उभा असतो. तरीही कोणी स्वतःला परावलंबी म्हणवून घेत नाही, कारण या सेवा कोणाकडून, केव्हा आणि कशा घ्यायच्या हे आपण स्वतः ठरवतो. स्वतंत्र जीवनाचा अर्थ नेमका हाच आहे. अंघोळ घालायला दुसरे माणूस लागले, तरी अंघोळ सहा वाजता करायची की नऊ वाजता, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

हा विचार अमेरिकेतील एड रॉबर्ट्स या तरुणाने प्रथम ठामपणे कृतीत आणला. वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाल्याने त्याचे मानेखालचे शरीर लुळे पडले होते आणि श्वासासाठी त्याला यंत्राचा आधार घ्यावा लागे. १९६२ साली त्याने बर्कले येथील विद्यापीठात प्रवेश मिळवला. पुढे १९७२ मध्ये तेथेच त्याने आणि त्याच्या मित्रांनी स्वतंत्र जीवनासाठी केंद्र उभारले. मदतनीस मिळवून देणे, राहण्याजोगी घरे शोधणे, खुर्च्यांची दुरुस्ती करणे अशी अगदी व्यावहारिक कामे हे केंद्र करीत असे. ते चालवणारी बरीच माणसे स्वतः अपंग होती, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

दिल्लीत या विचाराची वाट काहीशी वेगळी ठरली. मेजर हरिपालसिंग अहलुवालिया २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले आणि त्याच वर्षीच्या युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून त्यांचे उर्वरित आयुष्य चाकाच्या खुर्चीवर गेले. त्यांच्या प्रयत्नांतून वसंत कुंज येथे भारतीय मेरुरज्जू आघात केंद्र उभे राहिले. अशा केंद्रात रुग्णाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून मोटारीत स्वतःला कसे सरकवायचे, हे पुन्हा शिकवले जाते. परंतु शिकून, सराव करून तो घरी परततो तेव्हा दारात त्या तीन पायऱ्या असतातच. रुग्णालयाने शिकवलेले रस्त्यावर उपयोगी पडायचे, तर रस्ताच बदलायला हवा. आणि रस्ता बदलायचा, तर सरकारला जागे करायला हवे.

ते काम जावेद आबिदी यांनी केले. अलीगढ येथे १९६५ साली जन्मलेल्या आबिदींना पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष होता. अमेरिकेत पत्रकारितेचे शिक्षण घेऊन ते भारतात परतले. तेथे चाकाच्या खुर्चीवरून एकट्याने सगळीकडे जाणाऱ्या या तरुणाला दिल्लीत मात्र पावलोपावली कोणीतरी उचलावे लागे. समविचारी मंडळींना घेऊन त्यांनी १९९४ मध्ये अपंग हक्क गट स्थापन केला. डिसेंबर १९९५ मध्ये अपंग स्त्रीपुरुष दिल्लीच्या रस्त्यावर उतरले आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेला अपंग व्यक्तींसाठीचा कायदा त्याच महिन्यात संसदेत संमत झाला. विमानात चढताना अपंग प्रवाशाला पोत्यासारखे उचलून नेऊ नये, त्यासाठी अरुंद खुर्च्यांची आणि उचलयंत्रांची सोय व्हावी, म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये न्यायालयाने त्या दिशेने आदेश दिले. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न विचारला जावा यासाठीही त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झगडावे लागले. त्या गणनेत दोन कोटी एकोणीस लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांच्यासाठी पैशाची तरतूद तरी कशी होणार?

याच वर्षाच्या जानेवारी महिन्यातील एक प्रसंग मात्र हसावे की रडावे असा आहे. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग एका परिषदेसाठी मुंबईला आले होते. तेथून ते दिल्लीला आले. जंतरमंतर आणि कुतुबमिनार पाहण्याची त्यांना इच्छा होती. आबिदींनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने तातडीने लाकडी रॅम्प बसवले. जी गोष्ट वर्षानुवर्षे 'ऐतिहासिक वास्तूला धक्का लागेल' म्हणून अशक्य ठरवली जात होती, ती पाहुणा मोठा येताच चार दिवसांत शक्य झाली! दिल्लीत राहणाऱ्या, जंतरमंतर फक्त चित्रात पाहिलेल्या अपंग मुलांनी त्यातून काय समजावे? आबिदींनी हा प्रश्न नंतरही सोडला नाही. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर २००२ रोजी, शाहदरा ते तीस हजारी या मार्गावर दिल्लीची पहिली मेट्रो धावली. या शहरातील अपंग व्यक्तींच्या आयुष्यात या गाडीने जेवढा फरक पडला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडला असेल. फलाट आणि गाडीचा मजला जवळजवळ एका पातळीत, उद्वाहन, म्हणजे लिफ्ट, रुंद फाटक, डब्यात खुर्चीसाठी राखलेली जागा, पुढच्या स्थानकाचे नाव सांगणारा आवाज आणि तेच नाव दाखवणारी अक्षरे या साऱ्या गोष्टी तेथे आहेत. शिवाय फलाटावर त्या पिवळ्या फरश्या. अनेक प्रवासी त्यांना शोभेचा पट्टा समजतात. वस्तुतः ती पायांनी वाचायची लिपी आहे. लांबट उंचवटे असतील तर 'सरळ चालत राहा', गोल ठिपके असतील तर 'थांबा, पुढे वळण, जिना किंवा फलाटाची कड आहे'. जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये ही युक्ती शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवण्यात आली. लिफ्टचा लाभ तर अपंगांपेक्षाही अधिक घेतात ते गुडघे दुखणारे आजी-आजोबा, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया आणि सामान घेऊन रेल्वे गाठायला निघालेले प्रवासी. एकासाठी केलेली सोय अनेकांची होते, याचे इतके ढळढळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

बसची गोष्ट एवढी सरळ नाही. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या आधीच्या काळात दिल्लीत खालच्या मजल्याच्या बसगाड्या आल्या. या गाड्यांचा मजला जमिनीपासून सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीवर असतो. नेहमीच्या गाड्यांचा सुमारे नव्वद. पुढे सरकारने पुन्हा उंच मजल्याच्या गाड्या घ्यायचे ठरवले, तेव्हा चाकाची खुर्ची वापरणारे निपुण मल्होत्रा यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. परिणामी २०१९ पासून आलेल्या अशा गाड्यांना खुर्ची उचलून घेणारी लिफ्ट बसवलेली होती. यंत्र मिळाले, परंतु गाडी थांब्याला अगदी लागून उभी करणे चालकाच्या हाती असते. मधल्या दारातील घडीचा रॅम्प उघडायला वाहकाला जागेवरून उठावे लागते. मागे वाहनांचे भोंगे वाजत असतात. अशा वेळी 'पुढच्या गाडीने या' असे म्हणणे सोपे पडते.

अंध व्यक्तींपुढे अडचण निराळी येते. पांढरी काठी जमिनीलगतचा दगड किंवा खड्डा सांगते. गुडघ्यावरचे काही सांगत नाही. दुकानाचे अर्धवट ओढलेले शटर, झाडाची वाकलेली फांदी, ट्रकचे बाहेर आलेले फळकूट कपाळाला लागते. दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक एम. बालकृष्णन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर 'स्मार्टकेन' हे छोटे उपकरण तयार केले. काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते आणि समोर तीन मीटरपर्यंत काही आडवे असले की मूठ थरथरते. २०१४ पासून ते लोकांच्या हाती आले. कर्णबधिर व्यक्तींची अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. बँकेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात त्यांची भाषा जाणणारे माणूस नसते. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा सांकेतिक कोश पूर्ण केला आणि त्याच वर्षी मुक्त विद्यालयात माध्यमिक स्तरावर ही भाषा एक विषय म्हणून शिकण्याची सोय झाली. ती ऐकणाऱ्यांनीही शिकायला काहीच हरकत नाही. किंबहुना त्यांनी शिकल्याशिवाय संवाद पुरा होणार कसा?

गाडी, काठी, भाषा या सोयी झाल्या, तरी एक प्रश्न घराच्या आत उरतो. आपल्याकडे मदतनीस म्हणजे बहुधा आई, पत्नी किंवा बहीण. तिला पगार नसतो, रजा नसते आणि तिचे वय वाढत असते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ मुलांचे आईवडील एकमेकांना भेटले, की शेवटी बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबते: 'आमच्यामागे याचे काय?' १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही योजना याच प्रश्नासाठी आहे. थोड्या प्रौढ व्यक्तींनी एका घरात, आवश्यक तेवढ्या मदतीने आयुष्यभर राहावे, अशी तिची कल्पना. पण अशी घरे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. दुसरीकडे मोठमोठी निवासगृहे आहेत. रोहिणीतील आशा किरण या सरकारी निवासगृहात जुलै २०२४ मध्ये एका महिन्यात दहाहून अधिक रहिवाशांचा मृत्यू झाला. तेथे क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे ठेवली होती. मात्र २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट सांगते, की अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही. वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेखही त्याच कलमात आहे. कायद्यात तो आला. घराघरांत अद्याप यायचा आहे. तोवर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मराठी वाचकांनी अवश्य वाचावे. घरच्यांची माया आणि स्वतःचा निर्णय यांची सांगड घालताना काय काय सोसावे लागते, ते त्यातून कळते.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी या अंध गृहस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. सुगम्यतेच्या नियमांत नुसत्या शिफारशी असून चालणार नाही, सक्तीने पाळावयाचे किमान निकष हवेत, असे न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले. या निर्णयाचा अर्थ दिल्लीत मेट्रो स्थानकाबाहेर उभे राहिल्यावर चांगला कळतो. स्थानकाची लिफ्ट मेट्रोची. ती नीट चालते. तिच्यातून बाहेर पडले, की पदपथ कोठे महानगरपालिकेचा, कोठे सार्वजनिक बांधकाम खात्याचा. त्याच्या मधोमध उभा खांब वीज कंपनीचा, कडेची हातगाडी कोणा गरिबाची आणि पिवळ्या फरशीवर लावलेली मोटारसायकल समोरच्या दुकानातील गिऱ्हाइकाची. पदपथाची कड रस्त्यापासून सहा-आठ इंच उंच. तिला कोठे उतार आहे, कोठे नाही. खुर्चीवरच्या प्रवाशाला घरी पोहोचायला यांतील प्रत्येकाची तक्रार वेगवेगळ्या कार्यालयात करावी लागते, आणि त्यांपैकी एखाद्या कार्यालयाच्या दाराशीही तीन पायऱ्या असू शकतात.